बारक्या आणि पांढरं फडकं

७ फेब्रुवारी

आज बारक्या आला आणि त्याने बंदूक मागितली.

बारक्या म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणी काडीसारखा होता म्हणून ते नाव पडलं. आता साठी आली आहे आणि आमच्या दारातून तो अंग तिरकं केल्याशिवाय आत येत नाही, पण नाव तेच राहिलं. ती गेल्यापासून तो फिरकला नव्हता. आज आला, सरळ तिच्या खुर्चीत बसला, माझ्या हातचा चहा पिऊन तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "दाजी, बाबांची बंदूक न्यायला आलोय."

ही ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून काळी दारू ओतायची, वरून शिशाची गोळी गजाने ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी लावायची आणि एक बार काढायचा. दुसरा बार काढायचा तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. सासऱ्यांकडून ती बायकोकडे आली. दर रविवारी ती बंदूक घेऊन नेमबाजीच्या क्लबात जायची आणि संध्याकाळी काळ्या तोंडाने, खूश होऊन परत यायची. मग बाथरूममध्ये गरम पाणी काढून तास-दीड तास साफसफाई चालायची. सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा. मी मधलं दार लावून घ्यायचो.

त्यामुळे खरं तर मी "ने" म्हणणार होतो. तोंडातून शब्द निघणार तेवढ्यात तो म्हणाला, "तुमच्याकडे नुसती गंजून जाईल. तुम्हाला साधी कात्री पुसून ठेवता येत नाही."

मी "नाही" म्हणालो. का म्हणालो ते मलाही कळलं नाही.

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे देणार नाही. परवान्यावर माझंही नाव आहे."

हे खरं आहे. तिने कधीतरी हट्टाने घालायला लावलं होतं.

"मग नियमाने होऊ दे," बारक्या म्हणाला. "बाबांचा नियम. बंदूक ज्याच्या हातात स्वच्छ राहील त्याची. क्लबात तीन बार काढायचे, घरी आणून साफ करायची, आठ दिवस ठेवायची. नवव्या दिवशी नळीतून पांढरं फडकं फिरवायचं. पांढरं बाहेर आलं तर तुमची. नाही आलं तर माझी. पंच म्हणून दातांच्या डॉक्टर. त्या क्लबाच्या सेक्रेटरी आहेत, तुमचीही बाजू घेणार नाहीत आणि माझीही."

इतक्या वर्षांत या नियमाबद्दल मी एक अक्षर ऐकलं नव्हतं. तसं बोललो.

"ताई तुम्हाला सगळं सांगायची असं वाटतं का तुम्हाला?"

मी मुदत मागितली. मार्चचा दुसरा रविवार ठरला.

दवाखान्यात ती मला म्हणाली होती, "बारक्या येईल भांडायला. तुम्ही आपले गप्प बसू नका. भांडा." तेव्हा मला वाटलं होतं औषधाच्या गुंगीत बोलते आहे. तिला आपल्या भावाचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता म्हणायचा.

८ फेब्रुवारी

हे लिहायला का घेतलं तेही लिहून ठेवतो. आम्हाला मूल नाही. घरात बोलण्याचं काम तिच्याकडे होतं आणि ऐकण्याचं माझ्याकडे. आता ऐकायला काही नाही.

बंदूक कपाटातून काढली आणि परत ठेवली. वजनाला वाटली त्यापेक्षा जड आहे. मी वजनमापे खात्यात तपासनीस होतो, माझा अंदाज सहसा चुकत नाही.

११ फेब्रुवारी

बारक्या परत आला. म्हणाला, "माझ्या होणाऱ्या बंदुकीची नासधूस तर करत नाही ना, ते बघायला आलोय." पाठीमागे हात बांधून बाथरूमच्या दारात उभा राहिला. दार भरलं.

मी नळीत गज घालून सरळ घासायला सुरुवात केली.

"वा! कोरडीच घासा. एवढी जुनी नळी, ओरखडे पडले तर नक्षी दिसेल."

मी थांबलो.

"आणि आधी आत काही भरलेलं नाही ना, हे बघायचं नसेलच तुम्हाला. गजावर खूण कशाला असते? खिळा ठोकायला?"

गजावर खरोखर एक खूण होती. गज तळाला टेकला की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. वर राहिली तर आत काहीतरी आहे. बरोबर आली.

"लाकडी दस्ता तसाच पाण्यात बुडवणार का? मध्ये ती पाचर दिसते, ती काढली की नळी सुटते, हे शेंबड्या पोरालाही कळतं."

पाचर काढली. नळी सुटली. माणूस फुशारकीने सगळं बोलून जातो आणि समोरचा शिकून घेतो, हे त्याला कळत नाही. मी मनातल्या मनात हसत होतो.

मग त्याचं तोंड बंद झालं आणि माझी फजिती झाली. नळीच्या मागच्या टोकाला, टोपी बसते तिथे, सुईएवढं भोक असतं. ते टोक बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचं असतं. मी ते बादलीच्या काठावर टेकवलं, वरून नळीत पाणी ओतलं आणि फडकं गुंडाळलेला गज जोराने आत दाबला. त्या भोकातून काळ्या पाण्याची पिचकारी उडाली ती थेट छताला.

बारक्या इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली.

मी छताकडे बघत राहिलो. माझ्या नव्या डागाशेजारी तसलेच जुने डाग होते. पुसट, तपकिरी, पिचकारीच्या आकाराचे. ते डाग म्हणजे वरच्या मजल्यावरची गळती, असं बायको मला सांगत आली होती. त्यावरून मी वरच्या बाईंशी कितीतरी वर्षं भांडत होतो.

१२ फेब्रुवारी

वरच्या बाईंकडे गेलो. माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून गेलो होतो.

त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि लगेच मान खाली घातली. "हो हो, गळतंय. बघते मी प्लंबरचं."

"गळत नव्हतं," मी म्हणालो. "बंदुकीचं पाणी होतं."

त्यांनी मान वर केली. "कळलं का शेवटी? वहिनींनी पहिल्याच वर्षी येऊन सांगितलं होतं मला. म्हणाल्या, हे तक्रार घेऊन येतील, तुम्ही फक्त मान खाली घालून ऐका. वर्षातून एकदा कुणावर तरी चिडले की त्यांना बरं वाटतं."

"आणि तुम्ही ऐकत होतात?"

"माझ्या मुलीला गणित शिकवायच्या ना त्या, फुकट. त्यात फिटलं ते."

खाली आलो. दुसऱ्याला हाताशी धरून माझ्याविरुद्ध एवढं कारस्थान तिने केलं असेल, असं स्वप्नातही आलं नव्हतं. ती हे करू शकली, कारण ती हुशार होती. बारक्याच्या अंगात त्यातला कणही उतरलेला नाही.

१५ फेब्रुवारी

तिच्या साफसफाईच्या पेटीत एक गोल पत्र्याचा डबा सापडला. आत नळी पुसायच्या चिंध्या होत्या, सगळ्या एका मापाच्या गोल कापलेल्या. सुती, मऊ, पुष्कळ धुतलेल्या.

तिसऱ्या चिंधीवर एक काज होतं. पाचवीवर निळी बारीक रेघ. त्याखालच्या चिंधीवर शाईचा डाग, आणि तो डाग मी ओळखला. तपासणीच्या वेळी खिशात पेन गळलं होतं.

माझे शर्ट.

दर वर्षी-दोन वर्षांनी माझा एखादा शर्ट हरवायचा. नेमका अंगवळणी पडलेला, मऊ झालेला. "लॉन्ड्रीवाल्याने घातला असेल कुणाच्या तरी ढिगात," ती म्हणायची. मी दोन लॉन्ड्रीवाले बदलले. एकाला तर खात्यात तक्रार करीन म्हणून दम भरला होता, वजनमापे खात्यात.

दातांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"तपासनीस, नवं कापड नळीत गोळा होतं, पाणी पीत नाही. तुमचे शर्ट शंभर धुण्यांचे. ती म्हणायची, नवऱ्याच्या अंगावर मुरलेल्या कापडासारखं कापड नाही. आम्ही सगळे मागायचो तिच्याकडे."

"सगळे?"

"तुमचा तो चौकड्यांचा होता ना, राखाडी? तो क्लबाने वर्षभर पुरवला."

१६ फेब्रुवारी

जुन्या लॉन्ड्रीवाल्याच्या दुकानापर्यंत गेलो. बंद होतं. मनात म्हटलं, सुटलो.

२२ फेब्रुवारी

आज बारक्यासमोर दुसऱ्यांदा नळी धुतली, सगळं बरोबर. पाणी चांगलं कडकडीत घेतलं म्हणजे लोखंड तापतं आणि आपोआप सुकतं. मग मी कपाटातून शिवणाच्या मशीनच्या तेलाची बाटली काढली आणि टोपण उघडलं.

"ठेवा!"

बारक्या असा ओरडला की वरच्या बाईंनी जमिनीवर पाय आपटून विचारलं, काय झालं.

"मशीनचं तेल? या नळीत? दाजी, त्या तेलावर काळी दारू पेटली की डांबर होतं डांबर! चिकटून बसतं ते मग खरवडून निघत नाही. बाबा असते तर तुम्हाला जिन्यावरून खाली सोडलं असतं. ताईला कुणी मशीनच्या तेलाचं नाव काढलं तरी चालायचं नाही."

"मग काय लावायचं?"

"ते मी का सांगू? आपण शत्रू आहोत." असं म्हणून त्याने खिशातून एक चपटा डबा काढला, उघडून माझ्या नाकाखाली धरला. मधमाशीचं मेण आणि चरबी, एकत्र वितळवलेली. "हे लावायचं. पण तुमच्याकडे हे नाही. अरेरे."

मग तो तिच्या खुर्चीत बसला, दस्ता हातात घेतला, गाल टेकवून बघितला आणि तसाच धरून ठेवला. लाकूड हुंगत होता असं वाटलं. जाताना डबा टेबलावर विसरला.

असल्या विसराळू माणसाकडे बंदूक देणं बरं नव्हे.

२३ फेब्रुवारी

डब्यातलं थोडं मेण घेतलं. मग बोटाने वरचा थर सारखा करून ठेवला, म्हणजे घेतल्याचं कळणार नाही. दुकानदार तुपाच्या डब्यात असंच करतात. ते कसं पकडायचं मला ठाऊक आहे, तेव्हा कसं पकडलं जाणार नाही हेही ठाऊक आहे.

नोकरीत असताना हा विचार कधी आला नव्हता. गंमत वाटली.

२७ फेब्रुवारी

बारक्या आला. डबा बघितला, उघडला, मिटला आणि परत टेबलावरच ठेवला. "राहू दे, खिसा जड होतो," म्हणाला.

जिंकलो.

११ मार्च, रविवार

आज बार काढले.

क्लब म्हणजे गावाबाहेर एक लांब मोकळी जागा, टोकाला मातीचा उंच बांध, अलीकडे पत्र्याची शेड. माणसं सात-आठ, सगळी माझ्या वयाची. सगळ्यांनी माझ्याशी इतक्या सहज हात मिळवला की ते मला आधीपासून ओळखतात असं वाटलं. एकाच्या खिशातून राखाडी चौकड्यांची चिंधी डोकावत होती.

दातांच्या डॉक्टर बुटक्या, चष्मेवाल्या, आणि बंदूक बघतानासुद्धा आधी तिचं तोंड बघतात. छोटा आरसा काढून माझ्या नळीत उजेड पाडला. "कीड नाही. चला."

बारक्या माझ्या कानाशी उभा राहून सूचना देत होता. "खांदा घट्ट. गाल टेकवा. तसा नाही, लग्नात फोटो काढताना टेकवला होता तसा. ओठ आवळू नका." त्या बडबडीत मी गोळी ठासली, टोपी लावली, नेम धरला आणि चाप ओढला.

"टक्."

एवढंच. 

"नळी समोरच धरा," डॉक्टर म्हणाल्या. "हलू नका. थोडं थांबायचं असतं." आम्ही थांबलो. काही झालं नाही. मग त्यांनी विचारलं, "तपासनीस, दारू घातली होती का?"

मी दारू घातली नव्हती.

कुणीतरी शेडच्या खांबाला टांगलेली पितळी घंटा बडवायला सुरुवात केली. सगळे टाळ्या वाजवू लागले. दारूशिवाय गोळी ठासली की घंटा वाजते, आणि ठासणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा तिथला दंडक आहे. ही चूक फक्त ठासणीच्या बंदुकीवाल्यांनाच करता येते, आणि सगळ्यांनी केलेली असते.

"चहा कुठून आणू?" मी विचारलं. "माझ्याकडे चहा नाही."

"आणायचा घरून, थर्मासमध्ये," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची बायको आणायचीच की. घंटा सगळ्यात जास्त तिच्यामुळे वाजली आहे. गप्पा मारत भरायची ना."

ती दर रविवारी मोठा थर्मास भरून न्यायची. मला सांगायची, क्लबातला चहा चांगला नसतो.

मग मी हसलो. आधी नाकातून हसू आलं आणि नंतर आवरेना. बंदूक बाजूच्या माणसाने काढून घेतली, बरं केलं.

डॉक्टरांनी गजाच्या टोकाला स्क्रू बसवला, नळीत घालून गोळीत फिरवला आणि बंदूक दोन गुडघ्यांत धरली. "जरा दुखेल हं," नळीला म्हणाल्या आणि हिसका दिला. दाढ निघावी तशी गोळी बाहेर आली. मला खिशात ठेवायला दिली.

त्यानंतर दारू घालून पहिला बार काढला.

कानात बोळे होते तरी आवाज छातीत बसला. समोर पांढरा धूर झाला, लक्ष्य, बांध, काही दिसेना. आणि वास आला. तोच. रविवारी संध्याकाळी मधल्या दाराच्या फटीतून यायचा तो. मी धूर विरेपर्यंत तिथेच उभा राहिलो. चष्म्याच्या बाजूने काजळी डोळ्यांत गेली असावी, पाणी येत होतं.  बारक्या तिकडे तोंड करून नाक शिंकरत होता. लहानपणापासून बार काढतो आणि अजून धुराची सवय नाही.

तीन बार झाले. लक्ष्याला एकही लागला नाही. एक चौकटीत घुसला.

"चौकट जागीच गेली," डॉक्टर म्हणाल्या.

घरी येऊन नळी साफ केली. जाताना बारक्या म्हणाला, "आता सात दिवस ठेवा."

"आठ म्हणाला होतास."

"तेच ते."

सासऱ्यांचा नियम आणि याला आकडासुद्धा धड आठवत नाही.

१५ मार्च

मधे बघायचं नाही असं बारक्या म्हणाला नव्हता. नियमात जे नाही ते चालतं, हे वाक्य दुकानदारांकडून मी पुष्कळ ऐकलं आहे.

फडकं फिरवलं. तपकिरी आलं.

गंज. रविवारी नळी कडक पाण्याने धुतली, सुकायला ठेवली आणि मेण लावण्याआधी खुर्चीतच डोळा लागला होता. तेवढ्यात हवेने काम केलं असणार. मेण लावलं ते गंजावर लावलं.

ही गोष्ट मला इतकी लागेल असं वाटलं नव्हतं. एक जुनी नळी, तीही मला नको असलेली. पण ती गेली तर रविवारी या घरात काय उरणार, असा एक विचार आला. तो खोडून टाकणार होतो. राहू दे.

१६ मार्च

पुन्हा धुतली. पुन्हा घासली. डब्यातल्या चिंध्या संपल्या. शेवटची ती शाईच्या डागाची होती, ती ठेवून दिली.

बाजारातून नवं सुती कापड आणलं. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. नळीत गोळा झालं, अर्ध्यातच अडकलं. ओढून काढताना घाम फुटला. फडकं अजून तपकिरी येतं आहे.

जुना शर्ट हवा. पण माझे जुने शर्ट सगळे तिने संपवले आहेत. जे आहेत ते नवे, कडक.

एक आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवशी अंगात होता तो. पांढरा, कॉलर विरलेली. तो मी धुवायला टाकलाच नव्हता. कपाटात खाली घडी घालून ठेवला होता.

१७ मार्च

शर्ट धुतला. वाळल्यावर तिच्याच कात्रीने, तिच्या मापाच्या गोल चिंध्या कापल्या. डबा भरला. कॉलर उरली, तीही टाकली नाही, घोडा पुसायला बरी पडेल. घोडा म्हणजे टोपीवर आपटतो तो भाग.

एवढं वाईट वाटलं नाही. तिने हा शर्ट कधीच कापला असता. "लॉन्ड्रीवाल्याने घालवला," म्हणाली असती.

फडकं आता पुष्कळ उजळ येतं आहे. पुष्कळ, सगळं नाही.

२० मार्च

परीक्षा झाली.

बारक्या इस्त्रीचा शर्ट घालून आला, जसा काही कोर्टात आला आहे. पांढरं फडकं आणायचं त्याच्याकडे होतं, तेच विसरला. डॉक्टरांनी पर्समधून स्वतःचा रुमाल काढून कापला. कपाळाला दवाखान्यातला दिवा बांधला, आरसा घेतला आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर नळी आडवी घेऊन आत बघू लागल्या.

"मोठा आ करा," त्या म्हणाल्या. सवयीने म्हणाल्या असाव्यात, पण बारक्याचं तोंड उघडलं.

गजाला रुमालाचा तुकडा लावला. आत घातला. तळाला टेकवला, फिरवला आणि सावकाश बाहेर काढला.  हे लिहायला संकोच वाटतो, पण मी तिच्या खुर्चीची पाठ धरून उभा होतो.

डॉक्टरांनी तुकडा दोन बोटांत धरून उजेडात नेला. "पांढरा," म्हणाल्या.

"पांढरा," बारक्या म्हणाला. लगेच म्हणाला, वाकून बघितलंसुद्धा नाही.

मी बघितलं. तुकडा पांढरा होता. पण डॉक्टरांचा अंगठा एका कोपऱ्यावर होता आणि तो तिथून हलत नव्हता. तुकडा उलटला, सुलटा केला, टेबलावर ठेवला, तरी अंगठा तिथेच. अंगठ्याच्या कडेने बारीक तपकिरी रेघ दिसत होती.

तराजूवर अंगठा ठेवणारे दुकानदार पकडण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला अंगठा कळतो.  आयुष्यभर अंगठे धरले, आज पहिला सोडला.

डॉक्टर माझ्या बाजूने होत्या तर. बिचारा बारक्या. डोळ्यांदेखत लुबाडला गेला आणि त्याला पत्ताही नाही.

"ठेवा दाजी. तुमची," तो म्हणाला. त्याने टेबलावरचा मेणाचा डबा उचलला, उघडला, आत बघितलं. "या घरात उंदीर फार आहेत. आणि वरचा थर सारखा करणारे." डबा परत ठेवला. "असू द्या. बंदूक आहे तिथे डबा पाहिजे."

मी चहा केला. तो पूर्ण प्याला, तोंड वाकडं न करता. मग उठला, दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "बरं, आता माझं इथे काय काम?"

दोघं गेली. जिन्यात डॉक्टरांचा आवाज आला. "तिने एक महिना ताणायला सांगितलं होतं, तुम्ही दीड लावलात."

"मग? ते पटकन शिकले म्हणून संपलं. मला अजून ओढायचं होतं."

कशाबद्दल बोलत होते ते कळलं नाही. क्लबाचं काहीतरी काम असणार.

२१ मार्च

नळी बघितली. मेण लावलं.

२३ मार्च

नळी बघितली. ठीक आहे.

वरच्या बाईंना जिन्यात विचारलं, गळत नाही ना कुठे? त्या नाही म्हणाल्या.

२५ मार्च, रविवार

क्लबात जायचं मनात होतं. थर्मास धुऊन ठेवला होता. पण एकट्याने जाऊन कुणाशेजारी उभं राहायचं ते कळेना. बारक्या न्यायला येईल असं वाटलं होतं. का येईल? त्याची बंदूक मी जिंकून घेतली, तीही अंगठ्याच्या जोरावर.

दिवसभर त्या माणसाचा राग करायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

२७ मार्च

आज बारक्याला फोन केला.

त्याने "हॅलो" म्हटलं. मी म्हणालो, "बारक्या, मी नळीत मशीनचं तेल घातलंय."

 पलीकडून इतका मोठा आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. "दाजी! अहो, अक्कल गहाण ठेवली का? किती घातलं? केव्हा घातलं? ताईने बघितलं असतं तर... हात लावू नका! काही करू नका! पाणी तापत ठेवा, मी आलोच!"

आवाजावरून फार खूश वाटला.

पाणी तापत ठेवलं. चहाला दोन कप काढले. मग मशीनच्या तेलाची बाटली कपाटातून काढून टेबलावर, त्याला दिसेल अशी ठेवली. बघतो तर ती गळ्यापर्यंत भरलेली. बारक्या बावळट असला तरी एवढं त्यालाही दिसेल.

बाटली उघडून निम्मं तेल बेसिनमध्ये ओतलं, टोपण सैल ठेवलं आणि दाराची कडी काढली.